नव्या टायरची खळ

तांडापेठ, नागपूर
तुळशीचं लग्न झाल्याचा दुसरा दिवस

चिरंजीव अंकुश यास,

ताईचा पोटभर आशीर्वाद. तू, लतिका आणि दुकान असे तिघेही खुशाल असाल अशी आशा करते (दुकानाचं नाव आधी घ्यायला हवं होतं, तुझा जीव तिथेच असतो). लतिकाचा गुडघा आता कसा आहे ते कळव. निरगुडीचा पाला पाठवला होता, तो तिने शेकायला वापरला की तू दुकानात विकायला ठेवलास, तेही कळव. इकडे थंडी पडू लागली आहे. संत्री आली आहेत, पण अजून आंबट आहेत, त्यामुळे पाठवत नाही. आम्ही दोघे बरे आहोत.

पत्र पाहून तू दचकला असशील. आजकाल पोस्टमन दारात आला की बँकेची नोटीस तरी असते, नाहीतर कुणाच्या तेरवीची चिठ्ठी. तसलं काही नाही. फोन केला नाही त्याला कारण आहे. तुझ्या जिजाजींना काचबिंदू झाला तेव्हा तुझी भाची मेघा पुण्याहून आली आणि आमच्या दोघांच्या फोनमध्ये अशी काही सोय करून गेली, की आलेला प्रत्येक निरोप आतली एक बाई मोठ्याने वाचून दाखवते. यांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून पोरीने मायेने केलं, पण त्या बाईला कुठे काय बोलावं याचा पोच नाही. परवा सिलिंडरवाल्याचा ओटीपी तिने सगळ्या गल्लीला ऐकवला. बरं, तोंडाने बोलावं तर यांचे कान! डोळे अधू झाल्यापासून ते इतके तिखट झाले आहेत, की मी स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडला तरी ओसरीवरून ‘किती टाकून राहिली वं?’ अशी चौकशी होते. तेव्हा तुझ्याशी खाजगी बोलायला पोस्टाशिवाय वाट उरलेली नाही.

विषय स्कूटरचा आहे. येत्या रविवारी तू ती न्यायला येणार, म्हणून त्याआधी तुला सगळं सविस्तर कळवते.

राखीला तू आला होतास, तेव्हा डॉक्टरांनी यांना गाडी चालवायची नाही असं नुकतंच बजावलं होतं. समोरचं दिसतं, पण बाजूचं दिसत नाही, आणि नागपुरात माणसं तर बाजूनेच येतात. त्या दिवशी घरात कुणाला काय बोलावं सुचेना. ती शांतता मोडावी म्हणून तू हसत म्हणालास, ‘जिजाजी, मंग गाडी मले देऊन टाका!’ तू गंमत केलीस हे मला कळलं, लतिकाला कळलं, फोनवरच्या मेघालाही कळलं. हे मात्र गंभीरपणे ‘देली’ म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. झालं. सारी पेठ ज्यांना भैय्याजी म्हणते त्या तुझ्या जिजाजींनी दिलेला शब्द कसा असतो ते तू जाणतोस. विणकर सोसायटीत माल तपासायला होते तेव्हा एकदा ‘नापास’ म्हटलेलं लुगडं साक्षात अध्यक्षांच्या घरचं निघालं, तरी ते पास झालं नाही.

तेव्हापासून स्कूटर ओसरीवर आणि हेही ओसरीवर. अंकुश, हा माणूस रोज संध्याकाळी गोळीबार चौकात चहाला जायचा. पाऊस असो, पोळा असो, घरात पाहुणे असोत, जायचाच. राखीपासून एकदाही गेले नाहीत. ऑटोने चला म्हटलं, तर म्हणाले, ‘काहून? मी काय पार्सल आहो?’ मग बसून राहायचे आणि गाडी पुसायचे. जी गाडी कुठेच जात नाही तिच्यावर धूळ तरी किती बसणार! पण रोज फडकं घ्यायचे, आणि मला ते पाहवत नसे. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसायची.

तर पुसता पुसता एके दिवशी यांची हाक आली. मला वाटलं, विंचू चावला. मी धावत बाहेर गेले, तर हे मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले, टायरवर बोट फिरवत होते आणि चेहरा असा उजळलेला, जणू हरवलेला भाऊ सापडला. म्हणाले, ‘अवं, आत सूत आहे!’ टायरची नक्षी झिजून झिजून रबर संपलं होतं आणि एका जागी खालचे धागे बोटाला लागत होते. इतकी वर्षं या माणसाने ती गाडी चालवली, पण टायर म्हणजे नुसतं रबर असंच आम्ही दोघं समजत होतो. आता कळलं, की आत कुणीतरी सूत घातलं आहे, एका थरावर दुसरा तिरपा थर. ते कितीतरी वेळ चाचपत बसले. डोळ्यांना न दिसणारी वीण त्यांनी बोटांनी मला समजावून सांगितली आणि खरं सांगते, मला दिसली.

पण तो आनंद चहा येईपर्यंतच टिकला. चहाचा पहिला घोट घेतला आणि यांचा चेहरा पडला. काय झालं विचारलं तर म्हणाले, सूत दिसणारी वस्तू साळ्याला, बायकोच्या भावाला द्यायची? आपल्या विणकरांच्या घरात आहेराला विरलेलं कापड कुणी दिलेलं तुला आठवतं का? आई तर म्हणायची, की उपाशी राहा पण आहेराचं लुगडं कोरं द्या. ‘गाडी जुनी चालन, पण गाडीचा कपडा नवा पाह्यजे,’ असं यांनी जाहीर केलं. (टायर हा गाडीचा कपडा, हे एकदा मनाने घेतल्यावर पुढचं सगळं त्याच वाटेने गेलं, हे तुला पुढे दिसेलच.) आणि जो माणूस राखीपासून उंबऱ्याबाहेर पडला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, टोपी चढवून, ऑटोत बसायला तयार झाला. तुझ्या आहेरासाठी पार्सल व्हायलाही त्यांची हरकत नव्हती.

निघण्याआधी यांनी माप घेतलं. मागचं चाक वितीने मोजलं, मुठीने मोजलं, मग अंगठ्याने राहिलेला कोपरा मोजला आणि ते माप मनात ठेवलं. मी म्हटलं, पुढचंही मोजा. तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी लग्न होऊन कुठल्या घरात आले हेच विसरले की काय. धोतराचा एक काठ मोजला की दुसरा वेगळा मोजायचा नसतो, तो तेवढाच असतो, नसेल तर विणणाऱ्याला मागावरून उठवावं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.  (पुढे काय होणार ते तू ओळखलं असशील. पण त्या वेळी आम्हाला दोघांनाही काही वावगं वाटलं नाही, हे मी देवाशपथ सांगते.)

टायरवाला ताराचंद म्हणून आहे, कमाल चौकाकडे. भला माणूस. त्याने आमच्यापुढे टायर ठेवले आणि त्याला वाटलं, की हे लोक पाच मिनिटांत जातील. यांनी आधी खुर्ची मागितली. मग टायर उजेडात आणायला सांगितला, कारण दुकानातल्या दिव्याखाली कुठलाही माल चांगला दिसतो. उजेडात आणल्यावर डोळे मिटून घेतले (उजेड त्यांना सोसत नाही) आणि दोन्ही हात फिरवायला सुरुवात केली. टायरचा काठ वेगळा पाहिला, अंग वेगळं पाहिलं. मग म्हणाले, उलटी बाजू दाखव. ताराचंद म्हणाला, ‘भैय्याजी, टायरले उलटी बाजू नसते.’ त्यावर यांनी टायर उचलला, त्यात डोकं घातलं आणि आतून हात फिरवत म्हणाले, ‘हे काय आहे मंग? मालाची खरी गोष्ट मागूनच समजते गा.’ टायर गळ्यात, टोपी टायरच्या आत, आणि चेहरा अगदी समाधानी. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. मला लाज वाटायला हवी होती. मला उलट अभिमान वाटत होता, काय करू?

एका टायरवर फुलाफुलांची दाट नक्षी होती, तो नापास झाला. नक्षी जेवढी दाट तेवढं आतलं अंग झाकायचं असतं, असं यांचं म्हणणं. दुसऱ्याच्या काठावर कसले तरी आकडे होते. ताराचंदने सांगितलं, की टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते त्यावर कोरलेलं असतं. हे मात्र यांना फार म्हणजे फार आवडलं. आयुष्यभर आपण विणलं, पण हे लुगडं अमक्या आठवड्यात मागावरून उतरलं असं कुणी काठावर लिहिलं नाही, म्हणाले. त्यातला सगळ्यात ताजा आठवडा शोधायला लावला. तोवर दुकानात आलेले दोन-तीन लोक आपापले टायर यांच्यापुढे आणून ‘बाबाजी, हा कसा आहे?’ विचारू लागले होते, आणि हे प्रत्येकाला पास-नापास सांगत होते. ताराचंदने न मागता चहा आणला. माझा नवरा बऱ्याच महिन्यांनी घराबाहेर चहा पीत होता, आणि त्याला ते लक्षातही आलं नव्हतं. मी मात्र कप हातात धरून नुसती पाहत होते.

शेवटी एक जोडी पसंत पडली. जोडी म्हणजे जोडी: एकाच आठवड्याची, एकाच नक्षीची आणि अर्थात एकाच मापाची. ताराचंदने विचारलं, की दोन्ही मागचेच कशाला? हे म्हणाले, ‘जोडीत पुढचं-मागचं नसते.’ त्याला वाटलं असेल, की एक घरी जास्तीचा ठेवायचा आहे. त्याने बांधून दिले. येताना बॅटरीच्या रिक्षात बसलो. टायर खाली ठेवू दिले नाहीत, आहेराची वस्तू जमिनीवर ठेवायची नाही. म्हणून एक यांच्या मांडीवर आणि एक माझ्या. समोर बसलेल्या बाईने विचारलं, की गाडी कुठे आहे? मी म्हटलं, घरी आहे. तिने पाय आखडून घेतले.

घरी आल्यावर मी कात्री घेतली. नव्या टायरला बारीक बारीक रबराचे केस असतात, तू पाहिले असतील. दिसायला ते बरे दिसत नाहीत, म्हणून मी कापायला बसले, तर हे केवढ्याने ओरडले! त्या दशा आहेत, म्हणाले. कोऱ्या कापडाच्या शेवटी सुताच्या दशा असतात तशा. दशा कापल्या की कापड वापरलेलं झालं. मी कात्री ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हेमराजने स्कूटर ताराचंदकडे नेली (हेमराज म्हणजे खापरखेड्याला वीज केंद्रात आहे तो, गाडी अशी चालवतो जणू पोचायला उशीर झाला तर महाराष्ट्र अंधारात बुडेल). आम्ही दोघं टायर घेऊन मागून. मागचा टायर असा बसला, की यांनी मिशीवर हात फिरवला. मग पुढचा. ताराचंदने तो पुढच्या चाकाला लावून पाहिला. फिरवून पाहिला. टायर लहान पडत होता. आणि इथे, अंकुश, तुझ्या जिजाजींनी जे केलं त्याला मी तरी दाद देते. घाबरले नाहीत, चिडले नाहीत. दोन्ही चाकांवरून हात फिरवला आणि शांतपणे निदान केलं: ‘मागचं चाक आटलं आहे.’ इंजिन मागे असतं, इंजिनाची ऊब लागते, वर्षानुवर्षं पावसाचं पाणी, तेव्हा सूत आटतं तसं मागचं चाक आटलं. म्हणजे चूक आपल्या मापाची नव्हे. हेमराज हसायला लागला, तर ताराचंदने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. मग यांच्या शेजारी बसून त्याने हळूच सांगितलं, की या गाडीचं पुढचं चाक कारखान्यातूनच मोठं येतं, मागचं लहान.

यांनी पुन्हा दोन्ही चाकं चाचपली. मला धाकधूक, की आता हा माणूस पुन्हा ओसरीवर जाऊन बसतो आणि पुढच्या राखीपर्यंत उठत नाही. पण यांच्या पोटातून हसू आलं. टोपी काढली, डोकं खाजवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आपली जोडी तरी कुठं एका मापाची आहे वं?’ (मी यांच्या खांद्याशीही पोचत नाही, तू लग्नात मला पाटावर उभं करायला लावलं होतंस.) सगळं दुकान हसलं. आणि टायर बदलून मिळाला तो कशामुळे? दशा जागच्या जागी होत्या म्हणून. वापरलेला नाही हे सांगायची गरजच पडली नाही. मी कापल्या असत्या तर एक टायर अंगणात झाडाला टांगावा लागला असता.

टायर बसवून झाल्यावर ताराचंदने एक सूचना दिली आणि तिथून हे सगळं प्रकरण वेगळ्याच वळणाला लागलं. तो म्हणाला, की नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, वरचं तुळतुळीत जाईपर्यंत गाडी हळू चालवा, एकदम ब्रेक मारू नका, वळणावर झुकवू नका. हे लगेच म्हणाले, ‘म्हणजे खळ आहे!’ कोऱ्या लुगड्याची खळ निघेपर्यंत ते अंगावर नीट बसत नाही, कमरेवरून सरकतं, तसंच हे. ताराचंदला ते इतकं पटलं, की पुढच्या गिऱ्हाईकाला त्याने तसंच सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलं.

आता पेच असा पडला, की तू गाडी हाकतोस सुसाट. (खोटं बोलू नकोस, उमरेडहून निघालो म्हणून फोन करतोस आणि वरण गरम होईपर्यंत दारात असतोस.) खळ असलेल्या टायरवर तू घसरलास तर? आहेर द्यायचा आणि साळ्याचा हात मोडायचा, हे यांना कबूल नव्हतं. म्हणजे गाडी द्यायच्या आधी कुणीतरी हळूहळू चालवून खळ काढायला हवी. यांना डॉक्टरांची मनाई. हेमराजने गाडी दुकानातून घरी आणली, तो आम्ही ऑटोत बसायच्या आत पोचला होता, म्हणून त्याचं नाव कटलं. गल्लीत दुसरा हळू चालवणारा माणूस आम्हाला सुचेना. यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, की ज्याला जोरात चालवता येते तो हळू चालवत नाही. ज्याला येतच नाही असा माणूस पाहिजे.

आणि माझ्याकडे पाहिलं.

अंकुश, मी सायकल चालवायची ते तुला आठवत असेल, तू मागे कॅरिअरवर बसून माझी वेणी लगामासारखी धरायचास. त्यानंतर मी चाकावर बसले ती आता, नातवंडं खेळवायच्या वयात. घरामागच्या मैदानावर हे मधोमध उभे राहिले आणि मी भोवती गोल. पहिल्या दिवशी निघाले ती निघाले, थांबायचं कसं ते विचारायचंच राहिलं होतं. पहिली फेरी, दुसरी फेरी, पोरांचं क्रिकेट बंद पडलं, एक बकरी बाजूला झाली, मी आपली गोल गोल. ‘थांबा’ म्हणून ओरडायची सोय नव्हती, कारण गाडी मी चालवत होते. हे मधे उभे राहून चाकांचा आवाज ऐकत होते आणि प्रत्येक फेरीला मान डोलवत होते. ‘किती मन लावून खळ काढून राहिली!’ असं ते बघ्यांना सांगत होते. शेवटी मी मैदानाच्या कडेच्या वाळूच्या ढिगात शिरले आणि गाडी आपोआप थांबली. यांनी येऊन आधी टायर चाचपले, मग मला विचारलं, लागलं काय. मी ते मनावर घेतलं नाही, कारण टायर तुझे होते.

मग रोज संध्याकाळ झाली की मैदान. ब्रेक कुठला, हे त्यांनी शिकवलं. तोल कसा धरायचा, हे शिकवलं. नजर चाकाकडे नाही, जिथे जायचं तिथे ठेवायची, हेही त्यांनीच शिकवलं, तेव्हा मी उगाच हेल्मेटचा पट्टा बांधत बसले. गेल्या आठवड्यात मी शिकाऊ लायसन्स काढलं. कॉम्प्युटरवर प्रश्न येतात, मी पास झाले, आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा नापास झाला (त्याच्या आईला सांगू नकोस). आता शिकाऊ माणसाच्या मागे लायसन्सवाला माणूस बसलेला पाहिजे, असा कायदा आहे. लायसन्सवाला माणूस आमच्या घरात आहे. त्याला दिसतं का, हे कायद्याच्या माणसांनी आम्हाला विचारलं नाही आणि आपणहून सांगायला आम्ही गेलो नाही.

पहिल्या दिवशी मागे बसताना हे विचारतात कसे, ‘हात कुठं ठेवू?’ इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला असं पहिल्यांदाच काही विचारलं. मी म्हटलं, ‘खांद्यावर ठेवा.’ ठेवला. आणि निघालो. मागून सूचना सुरू: डाव्या बाजूनं ट्रक येऊन राहिला, पुढे रस्ता उकरलेला आहे, टायर सांगून राहिला. आणि खरंच तसंच असायचं! मी डोळ्यांनी पाहायच्या आधी त्यांना चाकाखालचा रस्ता कळत होता. गोळीबार चौकात पोचलो, तर चहावाल्याने यांना पाहून दोन्ही हात वर केले, आणि सगळी मंडळी उठून उभी राहिली. मी गाडी लावण्याच्या निमित्ताने पलीकडे गेले आणि जरा वेळ तिथेच राहिले. डोळे भरले होते, आणि डोळे भरलेला चालक पाहून लोकांना भरवसा वाटत नाही.

तर टायर उत्तम आहेत, हे सांगायला पत्र लिहिलं. पकड चांगली, वळणावर गाडी हलत नाही, ब्रेक मारला की जागच्या जागी. यांची निवड आहे, चुकणार कशी! लतिकाला आठवण सांग. शेकताना पाला जास्त गरम करू नको म्हणावं. तूही दुकानात उभ्याने जेवत जाऊ नकोस.

तुझी ताई,
कौसल्या

ता. क. रविवारी अवश्य ये, पाटवडीचा रस्सा करते. फक्त बसने येऊ नकोस, आपल्या मोटारसायकलनेच ये. म्हणजे परत जायला तुला दुसरं वाहन लागणार नाही.

आणखी ता. क. हे वाचूनही तुला कळलं नसेल (तू लहानपणापासून असाच), म्हणून सरळ लिहिते. अंकुश, गाडी तू नको म्हण. दिलेला शब्द परत घ्या असं मी सांगितलं, तर हे हेमराजच्या हाती गाडी आजच उमरेडला धाडतील. तूच आपणहून फोन कर. सीट बारीक आहे म्हण, रंग लतिकाला आवडत नाही म्हण, दुकानाचं पोतं पुढे बसत नाही म्हण, काहीही म्हण. फक्त टायरला नाव ठेवू नकोस. भाऊबीजेला काय पाहिजे असं तू विचारलंस तेव्हा मी काही नको म्हटलं होतं. आता हेच दे. तो माणूस पुन्हा ओसरीवर बसलेला मला पाहवणार नाही.

शेवटचं. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात यांनी ओसरीवरून विचारलं, कोणाले लिहून राहिली? मी म्हटलं, अंकुशले, गाडी न्यायला कधी येतं म्हणून. फडकं झटकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘त्याले लिही, घाई नाही म्हणाव. आणि हे पत्र इथल्या डब्यात नको टाकू, सीताबर्डीच्या मोठ्या पोस्टात टाकू.’ मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला? आणि बाहेर डोकावले. हेल्मेट घालून ते मागच्या सीटवर जाऊन बसलेही आहेत. गाडी अजून स्टँडवर आहे.